बळ कोणासाठी?

दिवाळीच्या सुमारास हवेत गारवा येतो आणि त्या गारव्याबरोबर घरोघरी व्यायामाचे संकल्पही येतात. अभ्यंगस्नानाने अंग हलके झालेले असते, फराळाने ते पुन्हा जड होऊ लागलेले असते, घरातल्या वडीलधाऱ्या बायका डिंकाच्या लाडवांच्या गोष्टी बोलू लागलेल्या असतात, आणि अशा वेळी एखादा तरुण ‘यंदा अंग कमवायचेच’ असे जाहीर करून टाकतो. पूर्वी तो तालमीत जाई, मारुतीला नमस्कार करून लाल मातीत उतरे. आता तो जिममध्ये जातो. तेथे मातीच्या जागी रबराची जमीन असते आणि मारुतीच्या जागी भिंतभर आरसा. दोघांचे दंड मोजले तर कदाचित सारखेच भरतील. फरक आहे तो एवढाच, की पहिल्याच्या समोर त्याच्याहून मोठे असे कोणीतरी उभे होते. दुसऱ्याच्या समोर तो स्वतःच उभा असतो.

आरशाला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. आळसाने शरीर सैल होऊ देण्यापेक्षा आरशाच्या लोभाने का होईना, ते कमावलेले बरे. परंतु मी शाळामास्तर आहे, आणि मधल्या सुट्टीत मैदानावर जे पाहतो त्यातून एक प्रश्न मनात घर करून राहिला आहे. वर्गातला धट्टाकट्टा मुलगा आपले बळ काय करतो? कधी तो पडलेल्याला उठवतो, कधी दुबळ्याचा डबा हिसकावून घेतो. आणि जो किरकोळ अंगाचा असतो, ज्याला दम लागतो, ज्याच्या हातून झेल सुटतो, त्याला ‘बायल्या’ म्हणून हाक मारली जाते. ती हाक त्याला पुढे जन्मभर ऐकू येत राहते. तेव्हा बळ कमवायचे ते कोणासाठी, आणि पुरुषपणा म्हणजे नेमके काय, हे प्रश्न केवळ पंडितांचे नाहीत. ते आपल्या ओट्यावरचे आणि अंगणातले आहेत.

आपल्याकडे समर्थांनी अकरा मारुती स्थापून बळ आणि दास्य यांची सांगड घातली, हे सर्वांना ठाऊक आहे. पण ह्याच प्रश्नावर गेल्या दोनशे वर्षांत ख्रिस्ती समाजात जी घुसळण झाली, तिची हकीकत मराठी घरांत फारशी सांगितली जात नाही. ती बोधप्रद आहे, कारण तिच्यात थोर माणसे आहेत आणि थोर माणसांची पडझडही आहे.

ख्रिस्ती धर्म म्हटला की एका गालावर मारणाऱ्यापुढे दुसरा गाल करणारा सौम्य येशू आपल्या डोळ्यांपुढे येतो. शरीर, व्यायाम, मर्दुमकी यांचा त्याच्याशी काय संबंध, असे वाटते. परंतु तो येशू सुताराच्या घरात वाढला, आणि गालीलच्या डोंगरवाटा त्याने पायी तुडवल्या. त्याचा संदेश दूरवर नेणारा संत पौल तर आखाड्याच्या भाषेत बोलतो. करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनी मोठे क्रीडासामने भरत. म्हणून करिंथच्या मंडळीला लिहिताना त्याने शर्यतीत धावणाऱ्याचा आणि मुष्टियोद्ध्याचा दाखला दिला, आणि शरीर हे देवाच्या आत्म्याचे मंदिर आहे असे सांगितले. मात्र त्याच पौलाच्या स्वतःच्या शरीरात काहीतरी दुखणे होते. त्याला तो काटा म्हणतो. तो काढून टाकावा म्हणून त्याने तीन वेळा प्रार्थना केली आणि काटा काही निघाला नाही. उलट अशक्तपणातच देवाची शक्ती पुरी पडते, असे त्याला उमगले. म्हणजे प्रारंभापासूनच या धर्मात दोन धागे आहेत. शरीर मंदिर आहे, हा एक; आणि दुबळेपणा ही लाज नव्हे, हा दुसरा. या दोन धाग्यांची गाठ मारणे सोपे नाही. ज्यांनी एकच धागा हाती धरला त्यांचे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडात काही मंडळींना वाटू लागले, की आपला धर्म फार फिकट झाला आहे. तो पुस्तकांत आणि आजाऱ्याच्या खोलीत राहतो, मैदानावर उतरत नाही. चार्ल्स किंग्झली नावाचा धर्मोपदेशक-कादंबरीकार आणि टॉमस ह्यूज नावाचा वकील हे त्यांतले पुढारी. ह्यूजची ‘टॉम ब्राऊन्स स्कूल डेज’ ही रग्बी शाळेवरची कादंबरी १८५७ साली निघाली आणि घरोघर वाचली गेली. त्याच वर्षी एका टीकाकाराने किंग्झलीच्या कादंबरीवर लिहिताना या विचाराला ‘मस्क्युलर ख्रिश्चॅनिटी’ असे नाव दिले. पीळदार दंडांचा ख्रिस्ती धर्म! नाव थट्टेचे होते, पण ते चिकटले. किंग्झलीला ते आवडले नाही. ह्यूजने मात्र ते अंगावर घेतले आणि १८६१ च्या आपल्या पुढच्या कादंबरीत एक भेद करून दाखवला. नुसत्या पैलवानाला आपल्याला शरीर आहे एवढे ठाऊक असते. ते कशासाठी आहे, हे ठाऊक नसते. श्रद्धावान बलवान मात्र असे मानतो, की शरीर आपल्याला दिले गेले ते ताब्यात ठेवण्यासाठी आणि दुबळ्यांच्या रक्षणासाठी. ह्यूज नुसता बोलला नाही. लंडनमधल्या कामगारांच्या कॉलेजात तो स्वतः मुष्टियुद्ध शिकवी.

येथपर्यंत दोघे मित्र एका वाटेने चालत होते. मग १८६५ साल उजाडले.

जमैका बेटावर मोरांट बे येथे गरीब काळ्या शेतकऱ्यांचा उठाव झाला. जमावाच्या हातून काही अधिकारी मारले गेले, हे खरे. पण गव्हर्नर एडवर्ड आयर याने लष्करी कायदा पुकारून जो सूड घेतला, त्याला सीमा राहिली नाही. सरकारी चौकशीतच पुढे आले, की ४३९ माणसे मारली गेली, ६०० जणांना फटके मारले गेले आणि सुमारे १,००० घरे जाळली गेली. उठावाचा पुढारी पॉल बोगल हा बॅप्टिस्ट मंडळीतला डीकन होता. त्याला फाशी झाली. म्हणजे मरणारेही त्याच ख्रिस्ताला प्रार्थना करणारे होते.

इंग्लंडात दोन तट पडले. गव्हर्नरावर खटला भरावा म्हणून एक समिती उभी राहिली; तिच्यात जॉन स्टुअर्ट मिल होता, चार्ल्स डार्विन होता, आणि टॉमस ह्यूजही होता. गव्हर्नराच्या बचावासाठी दुसरी मंडळी पुढे आली. तिच्यात कार्लाइल होता, डिकन्स होता, आणि चार्ल्स किंग्झलीही होता. आयरला शिक्षा कधीच झाली नाही.

मला ही घटना फार महत्त्वाची वाटते. किंग्झली दुष्ट नव्हता. धुराडी साफ करणाऱ्या अनाथ पोरांची दुःखे त्यानेच गोष्टीतून मांडली. गरिबांच्या वस्त्यांना स्वच्छ पाणी मिळावे म्हणून तो झटला. दोघा मित्रांचा देव एक, धर्मग्रंथ एक, मर्दानी धर्माचा झेंडाही एक. तरी ऐन कसोटीच्या वेळी एकाला बळ दिसले ते राज्य राखणाऱ्याच्या चाबकात, आणि दुसऱ्याला आठवण झाली ती चाबकाखालच्या पाठीची. तात्पर्य हे, की ‘आमचे बळ देवाचे आहे’ असे म्हटल्याने प्रश्न सुटत नाही. ते बळ कोणाच्या बाजूला उभे राहते, हे दर वेळी नव्याने पाहावे लागते. पुढे साम्राज्याच्या भरात हा विचार पुष्कळदा भलत्याच वाटेने गेला. जित लोकांना ‘बायकी’ ठरवायचे आणि मग त्यांच्यावर राज्य करणे हा आपला मर्दानी धर्म समजायचा, अशी सोयीची मांडणी झाली. ती मांडणी आपल्या देशानेही सोसली आहे. मैदानावरच्या ‘बायल्या’ या हाकेत तिचेच छोटे रूप मला ऐकू येते.

पण याच विचाराची दुसरी, सौम्य शाखाही वाढली. १८४४ साली जॉर्ज विल्यम्स नावाच्या कापडदुकानातल्या नोकराने लंडनमध्ये आपल्यासारख्याच तरुणांना जमवून प्रार्थनेसाठी एक संस्था काढली. तीच वाय.एम.सी.ए. दिवसभर दुकानात उभे राहून थकणारी, शहरात एकटी पडलेली ही मुले. त्यांच्या आत्म्याची काळजी घेता घेता त्यांच्या मनाची आणि शरीराचीही घ्यावी लागते, हे संस्थेला उमगत गेले. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे या संस्थेच्या शाळेत जेम्स नेस्मिथ नावाचा शिक्षक होता. धर्मशास्त्राचा अभ्यास करून तो शारीरिक शिक्षणाकडे वळला होता. बाहेर बर्फ, आत कंटाळलेली, दांडगी अठरा मुले. त्याने विचार केला, की फुटबॉलमध्ये मुले एकमेकांना आडवी पाडतात, कारण चेंडू घेऊन धावता येते. तेव्हा चेंडू घेऊन धावायचेच नाही, असा नियम केला. गोल समोर ठेवला तर मुले जोराने मारतात. म्हणून त्याने पीचच्या फळांच्या टोपल्या डोक्यावर उंच टांगल्या, म्हणजे चेंडू अलगदच टाकावा लागेल. असा बास्केटबॉल जन्माला आला. बळाला बंदी नाही, पण बळाने दुसऱ्याला चिरडता येणार नाही, असा खेळ! एखादा नीतिपाठ इतक्या सुबकपणे टोपलीत बसवलेला मी दुसरा पाहिलेला नाही. चारच वर्षांनी, १८९५ मध्ये, याच संस्थेच्या विल्यम मॉर्गनने व्हॉलीबॉल काढला. आज आपल्या खेड्यापाड्यांत शाळेमागच्या मोकळ्या जागेत दोन बांबू रोवून जो खेळ रंगतो, तो मुळात एका प्रार्थनामंडळाच्या व्यायामशाळेतला आहे, हे कितीजणांना ठाऊक असेल? याच संस्थेच्या हॅरी बक यांनी १९२० साली मद्रासमध्ये शारीरिक शिक्षणाची शाळा काढली, आणि १९२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय पथकाचे ते व्यवस्थापक होते.

त्याच पॅरिसच्या सामन्यांत एरिक लिडेल हा स्कॉटिश तरुण धावला. त्याची कथा १९८१ च्या ‘चॅरिअट्स ऑफ फायर’ या चित्रपटामुळे पुष्कळांना माहीत आहे. शंभर मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या. रविवार हा देवाचा दिवस, त्या दिवशी मी धावणार नाही, असे त्याने सांगितले. जहाजावर चढताना त्याला ही गोष्ट कळली असे चित्रपटात दाखवले आहे. प्रत्यक्षात ती त्याला काही महिने आधीच कळली होती आणि त्याने शांतपणे चारशे मीटरची तयारी केली. टीका झाली, त्याने ती सोसली. ११ जुलै १९२४ रोजी त्याने चारशे मीटर ४७.६ सेकंदांत धावून सुवर्णपदक मिळवले.

चित्रपट येथे संपतो, पण माझ्या मते खरी कथा येथून सुरू होते. लिडेलचा जन्म चीनमधला, आईबाप मिशनरी. कीर्ती ऐन बहरात असताना १९२५ साली तो तिएन्त्सिनला परत गेला आणि तेथल्या शाळेत विज्ञान शिकवू लागला. युद्धाचे ढग जमले तेव्हा १९४१ मध्ये त्याने गरोदर पत्नीला आणि दोन मुलींना कॅनडाला पाठवले आणि स्वतः मागे राहिला. तिसरी मुलगी त्याने कधीच पाहिली नाही. १९४३ साली जपान्यांनी त्याला वेइशेन येथील छावणीत डांबले. तेथे आईबापांपासून तुटलेली शाळेतली मुले होती, म्हातारी माणसे होती. लिडेल त्यांच्यासाठी पाणी नि कोळसा वाही, मुलांना शिकवी, त्यांचे खेळ घेई, आणि पहारेकऱ्यांसाठीही प्रार्थना करा, असे सांगे. छावणीत शरीरविक्रयावर जगलेली एक रशियन बाई होती. तिच्या खोलीत त्याने एक फळी ठोकून दिली. मोबदल्यात काहीही न मागता माझे काम करणारा हा पहिलाच पुरुष, असे ती म्हणाल्याचे त्याच्या चरित्रकारांनी नोंदले आहे. मला वाटते, पुरुषपणाला मिळालेले याहून मोठे प्रशस्तिपत्र शोधूनही सापडणार नाही.

आणि मग ती रविवारची गोष्ट. छावणीत रविवारी खेळ होत नसत. पण कोंडलेल्या मुलांनी एका रविवारी आपल्या आपणच हॉकीचा सामना मांडला, आणि पंच नसल्यामुळे त्याचा शेवट मारामारीत झाला. पुढच्या रविवारी लिडेल स्वतः मैदानावर पंच म्हणून उभा राहिला. जगातल्या सर्वांत मोठ्या पदकासाठी ज्याने रविवार मोडला नाही, त्याने तो पोरांच्या भांडणासाठी मोडला!

काहीजण यात विसंगती पाहतील. मला यात विलक्षण सुसंगती दिसते. पॅरिसमध्ये रविवार मोडला असता तर लाभ त्याचा होता. छावणीत मोडला तेव्हा लाभ मुलांचा होता. नियम स्वतःच्या गौरवासाठी वाकवायचा नाही आणि दुसऱ्याच्या गरजेपुढे ताठ ठेवायचा नाही, हे ज्याला साधले त्याचा कणा खरा. दंड कमावणे काही महिन्यांचे काम आहे; असा कणा कमावायला जन्म जातो.

पुढे त्याचे डोके दुखू लागले, चाल मंदावली. मेंदूत गाठ झाली होती. २१ फेब्रुवारी १९४५ रोजी, छावणी मुक्त होण्याच्या सहा महिने आधी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी तो गेला. जो एके काळी जगातला सर्वांत वेगवान धावपटू होता, तो अखेरीस सावकाश पावले टाकत होता. तेव्हा त्याचा पुरुषार्थ कमी झाला, असे कोण म्हणेल? पौलाच्या हातातले दोन्ही धागे येथे एकत्र आलेले दिसतात. शरीर मंदिर म्हणून त्याने ते झिजेपर्यंत वापरले. आणि ते ढासळले तेव्हा त्याला लाज वाटली नाही.

अशी उदाहरणे दूरदेशीच आहेत असे नाही. सांगलीच्या शिक्षकाचा मुलगा, मराठी ख्रिस्ती विजय हजारे, हा क्रिकेटमधला फार मोठा फलंदाज. १९४३ साली मुंबईच्या पंचरंगी सामन्यांच्या अंतिम लढतीत, ख्रिस्ती आणि इतर लहान समाजांच्या ‘रेस्ट’ संघाकडून त्याने संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्याने काढल्या. पण माझे लक्ष जाते ते त्याच्या भावाकडे. विवेक हजारेने दुसऱ्या टोकाला उभे राहून भावाबरोबर ३०० धावांची भागी केली. त्यात त्याच्या स्वतःच्या धावा होत्या २१. सामना शेवटी डावाने गेलाच. तरी पराभव समोर दिसत असताना, टाळ्या दुसऱ्याला मिळत असताना, आपले टोक न सोडणे हेही बळच आहे. आणि घरोघरी ते कितीतरी माणसे रोज दाखवीत असतात.

मग याला ‘पुरुषपणा’ तरी का म्हणावे? पंडिता रमाबाईंनी लहानपणी दुष्काळातच आई, बाप आणि बहीण गमावली. पुढे त्या ख्रिस्ती झाल्या, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपासमारीने खंगलेल्या मुली आणि विधवा त्यांनी घेऊन आणल्या. केडगावच्या मुक्तिसदनात त्यांना जागा दिली, काम दिले, अक्षर दिले. देहयष्टी लहानखुरी, कानांनी ऐकू कमी. धैर्य हा जर पुरुषाचा दागिना असेल, तर तो या बाईच्या अंगावर अधिक शोभला. म्हणून मला वाटते, बळाला स्त्रीपुरुष नसते. असलीच तर त्याला दिशा असते. स्वतःकडे वळलेले बळ आणि दुसऱ्याकडे वळलेले बळ, एवढेच खरे दोन प्रकार.

कोणी विचारील, असे असेल तर व्यायाम तरी कशाला करायचा? मन मोठे असले की झाले! मला हे मान्य नाही. पाण्याची बादली मनाने उचलली जात नाही. आजारी सासऱ्याला खाटेवरून उठवायला, पुरात कोणाचे पोर खांद्यावर घ्यायला, रात्रभर दवाखान्यात जागायला दमदार शरीर लागते. दयाळू माणूस दुबळा राहिला तर त्याची दया पुष्कळदा हळहळीपुरतीच उरते. म्हणून जोर काढावे, धावावे, पोहावे. फक्त कमावलेली ताकद ही आपली मिरास नसून ठेव आहे, मागणारा येईल तेव्हा ती द्यायची आहे, हे ध्यानात ठेवावे.

शुभवर्तमानात एका माणसाचा ओझरता उल्लेख आहे. येशूला वधस्तंभाकडे नेत असताना शिपायांनी वाटेवरच्या कुरेनेकर शिमोनाला धरले आणि तो वधस्तंभ त्याला वाहायला लावला. शिमोन शेतावरून येत होता. तो कोणी शिष्य नव्हता. त्याच्याविषयी फारसे काही लिहिलेले नाही. त्याचे खांदे त्या वेळी उपयोगी पडले, एवढेच. आणि दुसरी बाजूही पाहा. ज्याला कोट्यवधी माणसे देव मानतात, त्याचाही भार त्या दिवशी दुसऱ्याने वाहिला. भार उचलण्यात जसा पुरुषार्थ आहे, तसा थकल्यावर दुसऱ्याला उचलू देण्यातही आहे. आपल्याकडचे कितीतरी कर्ते पुरुष छातीत कळ आली तरी ‘काही नाही, जरा पित्त आहे’ म्हणत बसतात. त्यांना हा दुसरा धडा कोणीतरी शिकवायला हवा.

सणासुदीच्या दिवशी घर भरलेले असते. त्यात एखादा पीळदार दंडांचा पुतण्या असतो, एखादा दम्याने बेजार झालेला काका असतो, आणि अंगणात झेल सोडणारे एखादे किरकोळ पोरही असते. पुतण्याने काकांची खुर्ची उचलून उन्हात नेऊन ठेवावी, काकांनी ती संकोच न करता नेऊ द्यावी, आणि झेल सोडणाऱ्या पोराला कोणी नावे न ठेवता चेंडू पुन्हा एकदा त्याच्याकडेच टाकावा. बळ कोणासाठी, याचे उत्तर इतके साधे आहे. ते रोज द्यावे लागते, एवढेच काय ते अवघड.